उलट्या घडीची चादर

दोरीवरून दहा चादरी उतरल्या होत्या, सहांच्या घड्या झाल्या होत्या आणि सातवी मावशीच्या हनुवटीखाली धरलेली होती, तेवढ्यात भाचीनं ती ओढून नेली.

"ही मला हवी."

"अगं, धुतलेली आहे ती!"

"म्हणूनच हवी. पांढऱ्यावर भीती उठून दिसते."

पांढऱ्यावर डाग उठून दिसतो हे मावशीला ठाऊक होतं. भीतीचं तिनं आजच ऐकलं. पण भाची सिनेमाच्या कॉलेजात शिकत होती, आणि शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढं शहाणपण मावशीनं आयुष्यात कमावलं होतं. उरलेल्या तीन चादरी तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकल्या. अर्धवट काम टाकून उठताना तिला दाढेत काहीतरी अडकल्यासारखं झालं.

ही मावशी म्हणजे सगळ्या इमारतीची घडीमावशी. एका मोठ्या इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. सकाळी गठ्ठे यायचे, संध्याकाळपर्यंत घड्या होऊन कपाटात जायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वाचलेला पेपर, रिकामी पिशवी, दुकानातली पावती, जे हाताला लागेल त्याची घडी. एकदा शेजारणीचं सांत्वन करायला गेली आणि बोलता बोलता त्या रडणाऱ्या बाईच्या हातातला ओला रुमाल काढून, चौकोनी घडी करून, परत तिच्या हातात दिला. शेजारीण रडायची थांबली ती त्यामुळेच, असं लोक अजून सांगतात.

मावशीचं लग्न झालं नाही. का, हे कुणी विचारलं की ती म्हणायची, "सवड नाही मिळाली," आणि विचारणाऱ्याला खरंही वाटायचं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी कॉलेज जवळ पडतं म्हणून मावशीच्या दोन खोल्यांपैकी दीड खोली व्यापून राहिली होती.

तर त्या दुपारी प्रसंग बाका होता. भाचीला भयपटाची सुरुवात करायची होती, दोन मिनिटांची. फक्त सुरुवातच, पुढचा सिनेमा कुणीच मागितलेला नव्हता, ही देवाची कृपा. प्रत्येक शॉट असाच का, हे लिहूनही द्यायचं होतं. तिचा आराखडा सरांनी दोनदा परत केला होता. उद्या बारा वाजता तिसरी आणि शेवटची संधी. ती हुकली तर वर्षभर वर्गातल्या दुसऱ्यांच्या सिनेमात वायरी धरून उभं राहायचं.

"दोनदा का परत केलं?" मावशीनं विचारलं.

"सर म्हणाले, तंत्र सगळं आहे, भीती नाही."

"मग यावेळी?"

"यावेळी तंत्र वाढवलंय."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. भाचीनं अकरा पानांची वही उघडली. चौदा शॉट, चौदा चौकटी, प्रत्येकीत काड्यांची एक बाई. खाली बारीक अक्षरात कारणं. कॅमेरा जमिनीलगत, कारण माणूस दुबळा वाटतो. बाई चौकटीच्या एका कोपऱ्यात आणि बाकीची चौकट रिकामी, कारण प्रेक्षकाचं लक्ष रिकाम्या जागेकडे जातं. आवाज आधी, चित्र नंतर. दार अर्धं उघडं. नळ ठिबकता.

"नळ कशाला ठिबकता?"

"अस्वस्थता वाढते."

"वाढते ना. मीच तीन वेळा बोलावणं पाठवून दुरुस्त करून घेतलाय तो." मावशीनं वही लांब धरून पाहिली. "पण यात भूत कुठंय?"

"मावशी, हा मानसिक भयपट आहे. भूत नसतं. भीती मनातली असते."

"मग ती कॅमेऱ्याला दिसणार कशी?"

भाचीनं सुस्कारा सोडला. सरांनी दोनदा विचारलेला प्रश्न घरात, तोही फुकटात, ऐकावा लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

कॅमेरा कॉलेजचा, पाचच्या आत परत करायचा. म्हणजे रात्रीचा प्रसंग भर दुपारी उरकणं आलं. भाचीनं खिडकीला दोन ब्लँकेट बांधली. खोलीत अंधार झाला, शिवाय उकाडाही, ज्याचा उल्लेख अकरा पानांत कुठेच नव्हता. मग तिनं पलंगावर ती पांढरी, निळ्या काठाची चादर अंथरली आणि अर्धा तास तिला आकार देत बसली. खाली उश्या घातल्या, चादर नीट दाबली, मग बाजूनं हात घालून उश्या हळूच ओढून काढल्या. चादर वर तशीच राहिली, पोकळ.

"नुकतंच कुणीतरी उठून गेलंय असं वाटायला हवं," ती म्हणाली. "बाई खोलीत येते, पाहते, पलंग रिकामा. बाई म्हणजे तू."

"मला अभिनय येत नाही."

"तेच हवंय. चेहऱ्यावर काही आणू नकोस. प्रेक्षक आपापलं भरतात."

मावशीला हे काम सोपं वाटलं. इस्पितळात अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं होतं.

पहिला शॉट झाला. दुसऱ्यासाठी चष्मा जमिनीवर पडलेला हवा होता. मावशीनं तो काढून दिला, भाचीनं कलात्मक रीतीनं ठेवला, मागे सरून पाहिलं, पुन्हा पुढे झाली आणि त्यावरच पाय दिला. डावी काडी मोडली. त्या सबंध भयपटातला हा एकमेव बळी.

"कुणी मेलं नाही ना, मग चालू दे," मावशी म्हणाली आणि काडीला दोरा गुंडाळून चष्मा लावून बसली.

आता प्रत्येक शॉटनंतर भाची स्टुलावर चढून ब्लँकेट सारखं करायची, दिव्यासमोर निळा कागद धरून पाहायची, वहीत टिकमार्क करायची. तिची पाठ खोलीकडे असायची. आणि मावशी रिकामी बसायची. मावशीला रिकामं बसवणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. पण भाचीनं मागे वळून पाहिलं नाही. तिला जे पाहायचं होतं ते वहीत होतं.

पावणेचारला नववा शॉट संपला. भाचीनं लॅपटॉपवर झालेलं काम तपासायला घेतलं आणि किंचाळली. त्या दिवशीची पहिली खरी किंकाळी. तेव्हा मात्र कॅमेरा बंद होता.

"मावशी! चप्पल वाकडी ठेवली होती मी! ही सरळ कुणी केली?"

"वाकडी दिसली म्हणून केली."

"कप? टेबलावरचा कप कुठं गेला?"

"विसळून ठेवला. तळाशी वाळलं होतं."

"अर्धं उघडं दार?"

"वारा येत होता."

"आणि चादर!" भाचीचा आवाज फाटला. "तिसऱ्या शॉटमध्ये चादर पसरलेली आहे आणि चौथ्यात घडी! मी अर्धा तास घालवला होता तिच्यावर! कंटिन्युइटी नावाची गोष्ट असते, मावशी! एका शॉटमधली वस्तू दुसऱ्यात तशीच राहावी लागते!"

"मग आधी सांगायचंस, बाई. चौथ्यापासून नवव्यापर्यंत तुलाही दिसली नाही ना?"

हे खरं असल्यामुळे फारच झोंबलं. भाची मटकन जमिनीवर बसली. तासाभरात कॅमेरा परत द्यायचा, पुन्हा सगळं मांडायला वेळ नाही, उद्या बारा वाजता सर. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मात्र कुठल्याही अँगलनं खरं दिसत होतं. मावशीला काय करावं कळेना. तिनं हातरुमाल पुढे केला. अर्थातच घडी केलेला.

"किती वाया गेलं ते तरी बघू," भाची नाक पुसत म्हणाली आणि नऊ शॉट ओळीनं लावले.

बाई खोलीत येते. पलंगावर पोकळ चादर. चप्पल वाकडी. मग बाईचा चेहरा, त्यावर काहीच नाही. मग पुन्हा खोली, चप्पल सरळ. दार लागलेलं. कप नाही. पलंगाच्या पायथ्याशी चादरीची चौकोनी घडी. खोलीत दुसरं कुणी दिसत नाही. बाई तशीच बसलेली.

भाचीनं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. रडायचं ती विसरली होती. चौथ्यांदा तिनं घडीवर चित्र थांबवलं, मान वळवली आणि दाराजवळच्या सहा घड्यांकडे पाहिलं.

"मावशी, त्या सगळ्यांचा निळा काठ वर आहे. हिचा दिसत नाही."

"आत गेलाय."

"का?"

मावशीनं पलंगावरच्या घडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "शेवटची घडी उलटी घातली. हात आपोआप गेला गं."

"पण का?"

"वॉर्डातल्या उतरवलेल्या चादरीही घडी घालून आम्हीच धुवायला न्यायचो, आणि त्यांची एक रीत होती. बरं होऊन घरी गेलेल्याची चादर काठ वर ठेवून. जो गेलाच, त्याची काठ आत घालून. म्हणजे धुणाऱ्यांना कळायचं, ही वेगळी उकळायची. तोंडानं बोलावं लागत नसे. बाहेर नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्यासमोरून गठ्ठा न्यायचा, काय बोलणार?"

भाचीनं पलंगाकडे पाहिलं. "पण मी तर कुणीतरी उठून गेलंय असं दाखवलं होतं."

"नाही, पोरी. उठणारा माणूस चादर बाजूला फेकतो. तुझी चादर तशीच वर होती, आतलं माणूस तेवढं काढून घेतल्यासारखी." मावशीनं दोरा गुंडाळलेला चष्मा सारखा केला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

भाचीच्या हातावर काटा आला. तिनं तो स्वतःच पाहिला आणि पुढे काही वेळ अकरा पानांच्या वहीकडे अशी बघत राहिली, जणू ती शेजाऱ्यांची आहे.

सव्वाचार वाजले होते. "एकच शॉट," ती म्हणाली. "फक्त तुझे हात. तशीच घडी घाल. मी काही सांगणार नाही."

खरोखरच काही सांगितलं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मावशीनं चादर उचलली, लांबीत दोनदा दुमडली, रुंदीत एकदा, आणि शेवटी मनगट वळवून काठ आत घेतला. तेव्हा तिचे ओठ हलले.

"काय पुटपुटलीस?"

"आलं का त्यात? पुसून टाक ते. देवाचं नाव घेतलं. ती घडी घालताना घ्यायचेच मी. नाव नाही, गाव नाही, तोंड पाहिलेलं नाही. कुणीतरी एकदा तरी घ्यायला हवं ना त्याच्यासाठी."

भाचीनं ते पुसलं नाही. पुसला तो विजांचा कडकडाट, जो तिनं महिनाभर आधीपासून जमवून ठेवला होता. कॅमेरा पाचला पाच मिनिटं असताना कॉलेजात पोचला.

संध्याकाळी जेवता जेवता तिनं नवं कारण लिहायला घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "सातत्य जाणूनबुजून मोडून दिग्दर्शिकेनं प्रेक्षकाचा वास्तवावरचा विश्वास..."

"कुणी मोडलं जाणूनबुजून?" मावशीनं विचारलं.

"अगं, असंच लिहायचं असतं."

"मग रडलं कोण? माझं नाव नको घालूस, मला काय करायचंय नाव घेऊन. पण चुकीला योजना म्हणू नकोस. देव वरून बघतो, त्याला एडिटिंग लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीचा सकाळपासून कशातच जीव नव्हता. खुर्चीवरच्या तीन चादरी तशाच पडून होत्या, यावरून काय ते समजावं. प्रार्थनेला बसली तर देवासमोर मनात सारखे वायरी धरून उभे असलेले लोक येत होते. बारा वाजले, एक वाजला. दीडला दार उघडलं.

"सांग लवकर."

"आधी पाणी दे." भाची मुद्दाम सावकाश पाणी प्यायली, प्रेक्षकाला ताणून धरायचं तंत्र तिला येत होतंच. "सरांनी पाहिलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, ही चूक आहे की योजना?"

"मग?"

"जिभेवर योजनाच होतं. आणि तू डोळ्यांसमोर आलीस, दोरा गुंडाळलेला चष्मा लावून. म्हटलं, चूक होती सर. मावशीनं आवरलं. नंतर कळलं म्हणून ठेवलं. मग त्या घडीचं सांगितलं. वर्गात कुणी हललं नाही, मावशी. सर खिडकीबाहेर बघत बसले."

"रागावले?"

"नाही. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले, इस्पितळातच. म्हणाले, बाहेर बाकावर बसलो होतो, समोरून गठ्ठे जात होते, मी मोजत होतो." भाचीनं पेला खाली ठेवला. "आराखडा पास. पण अकरा पानं रद्द. एकच पान लिहून आण म्हणाले, खरं खरं."

मावशीनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडले. मग तिचा स्वभाव जागेवर आला. "आणि वायरी?"

"वायरी दुसरे धरणार. माझ्या."

"त्यांना म्हणावं, काम झालं की गुंडाळून ठेवा."

खुर्चीवरच्या तीन चादरी तिनं ओढून घेतल्या आणि एकेकीची घडी घातली. तिन्हींचे निळे काठ वर. सातवीही उलगडली, झटकली आणि पुन्हा घातली, काठ वर. भाची बघत होती, पण कॅमेरा नसल्यामुळे गप्प होती. दहाचा गठ्ठा कपाटात गेला.

मग मावशीनं पिशवी घेतली, चष्मा उतरवून रुमालाच्या घडीत ठेवला आणि भिंतीला हात लावत जिना उतरली. चष्मेवाल्याचं दुकान तीनला बंद व्हायचं. डावी काडी बसवून आणायची होती.