खड्ड्यांचा नकाशा आणि एकाच नावाच्या दोन प्रती

सोमवार, दुपारचे तीन. नारपोली, लूमच्या कारखान्यावरचा पहिला मजला, आमच्या पेपरची वेबसाइट चालवणारी खोली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते सांगतोच. पण या खोलीतले किस्से असे साचलेत, की एक ओढला तर चार अंगावर पडतात!

मी बातमीदार, तिथे रोज डोकावणारा; खोलीतली माणसं दोन. वैशाली पाटील ही प्रमुख, आणि लूमवाल्या घरातला अन्सार. वेबसाइटमध्ये बदल करायचा तर ते मूळ प्रतीला हात लावत नाहीत, वेगळी प्रत काढतात. तिला म्हणायचं ब्रँच. ब्रँचला नाव द्यावं लागतं. सगळं रामायण तिथून!

*

एकदा तीन ब्रँच निघाल्या: ‘नवीन’, ‘नवीन-दोन’ आणि ‘खरंच-नवीन’.

“यातली चालू कुठली?” वैशालीने विचारलं.

अन्सार म्हणाला, “मॅडम, जो साइट पे चल रहा है, वही नया है!”

*

‘सण’ नावाची ब्रँच दोघांच्याही कॉम्प्युटरवर, एकीची गणपतीची, दुसऱ्याची दिवाळीची. दिवाळीच्या सकाळी वेबसाइटवर आकाशकंदिलाऐवजी मोदक! लगेच एका वाचकाचा फोन: “काय ओ, तुमचं बाप्पा अजून गेलं न्हाय?”

*

अन्सारचे अब्बा एकदा डबा द्यायला आले आणि आमची भांडणं ऐकत उभे राहिले. लूमवर कापडाच्या प्रत्येक ताक्याला लूमचा नंबर आणि कारागिराचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते.

“दो ताकों पे एक ही चिट्ठी?” ते म्हणाले. “हमारे यहाँ तो सेठ आदमी को ही लपेट दे!”

*

दुसऱ्याच दिवशी नियम झाला. ब्रँचच्या नावात माणूस, काम, तारीख. वापरलेलं नाव पुन्हा दिलं, तर कॉम्प्युटरच नाकारणार.

मी तावातावाने म्हणालो, “आता बातमीलाही चिठ्ठ्या लावा!”

वैशाली म्हणाली, “सर, बातमीवर तुमचं नाव छापलं नाही, तर किती ओरडता?”

 

*

आता तो सोमवार. महिनाभर उन्हात फिरून मी मानकोलीच्या रस्त्यांचा खड्डेनकाशा केला होता. प्रत्येक खड्ड्यापुढे ठेकेदाराचं नाव. चार वाजता रस्त्यांच्या कामांबद्दल अधिकाऱ्यांची बैठक होती. त्याआधी नकाशा लागला नाही, तर सगळी मेहनत वाया. तीनला अन्सारने तो चढवला. उघडून बघतो तर खड्डे जागेवर, ठेकेदार गायब!

वैशालीने शोध घेतला. जुन्या, ठेकेदारांची नावं नसलेल्या प्रतीवर कुणीतरी ‘ही पक्की’ असा शिक्का मारला होता. शिक्क्यालाही नाव असतं, आणि ते हुबेहूब नकाशाच्या ब्रँचचं होतं! आमचा नियम तपासायचा फक्त ब्रँच. एका नावाच्या दोन गोष्टी दिसल्या, की सॉफ्टवेअर इशारा देतं आणि शिक्क्याची प्रत उचलतं.

“अरे, इशारा दिसला नाही?” मी ओरडलो.

“दिखा ना सर. मगर काम तो हो रहा था!”

वैशालीने शिक्का उडवला. चारला पाच कमी असताना खरा नकाशा लागला. बैठकीत ठेकेदारांची नावं मोठ्याने वाचली गेली, आणि इकडे आम्ही टेबलं बडवली!

मग शिक्क्याची नोंद उघडली. सकाळी अकरा वीस, संपादकांचं लॉगिन, त्यांच्याच केबिनमधला कॉम्प्युटर. अकरा वीसला संपादक वज्रेश्वरीच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडालेले होते. फोटो त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकला होता. केबिनला सकाळपासून कुलूप होतं. चिठ्ठी एक, संपादक दोन!