सव्वासातची गाडी

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. नऊ दिवस, रोज सकाळी साडेसात वाजता, मी दवाखान्यात पडलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला फोनवर सांगत होतो, की गाडी वेळेवर गेली. गाडी गेलेली नसायची. जागची हललेलीही नसायची. गाडी म्हणजे काही खरी गाडी नव्हे, हातभर लांबीचं खेळणं, असं मी तेव्हा स्वतःला बजावत होतो. पण त्या माणसाला तीन वर्षं जवळून पाहिल्यावर ‘खेळणं’ हा शब्द वापरायचा हक्क मला उरला नव्हता.

त्यांना सगळे फाटकवाले काका म्हणत. इतवारीकडच्या एका गल्लीत खाली त्यांच्या दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. वरची खोली भाड्यानं बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जायच्या दारात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी आडवी पडलेली होती. गुडघ्याच्या थोडी वर. मी सहज पाय उचलला, तर भिंतीपाशी उकिडवे बसलेले एक गृहस्थ ओरडले, “थांबा! दिसत नाही का, फाटक लागलं आहे! गाडी येऊन राहिली!” मी पाय खाली ठेवला. मग त्यांनी तोंडानं लांब शिटी दिली आणि भिंतीलगतच्या फळीवरून एक काळं इंजिन, मागे दोन डबे आणि एक उघडी वॅगन खडखडत आली, दारातल्या त्या फळीवरच्या रुळांवरून माझ्या गुडघ्यासमोरून गेली आणि आतल्या खोलीत एका खाटेपाशी थांबली. खाटेवरच्या बाईंनी हात लांबवून वॅगन चाचपली, तिच्यातली गोळी उचलून तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. त्यानंतर काकांनी दारातली फळी वर उचलून खिट्टीला अडकवली आणि मला म्हणाले, “हां, या आता. खोलीचं काय म्हणता?”

काकू एकदा न्हाणीत पडल्या तेव्हापासून खाटेवरच होत्या. साखरेनं डोळेही मंदावले होते. त्यांची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी सव्वासातच्या गाडीनं जायची. हातात का देत नाही, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “हातात देल्ली तं ते दवाई होते. गाडीनं आली तं पार्सल होते. पार्सलची वाट पाहाले मजा येते गा.” आतून काकूंचा आवाज आला, “मजा कायची! हे शिटी मारून राहिले का उरलेले दोन दातं बी पडतीन एखाद्या दिवशी, तेच पाहाचं आहे मले.”

काकांची सगळी नोकरी छोट्या लाइनीवर गेली. उमरेडवरून नागभीडला जाणारी ती बुटकी गाडी. वाटेत काही फाटकांवर माणूस नसे. गाडी अलीकडे थांबायची, शेवटच्या डब्यातून काका उतरायचे, पळत पुढे जाऊन फाटक लावायचे, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, काका फाटक उघडायचे आणि धावत शेवटचा डबा गाठायचे. असं प्रत्येक फाटकावर, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, तीसेक वर्षं. “गाडी माह्यासाठी जितके डाव थांबली तितकी साहेबासाठी बी नसन थांबली,” ते सांगायचे. “पण इंजिनात मले कोणी चढू नाही देल्लं. आता पाहा, डायवर मी, गार्ड मी. अन् फाटकवाला तं आहोच.”

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी छोटी लाइन बंद झाली, मोठी करायला घेतली. तेव्हा त्यांनी ही आपली लाइन टाकली. रूळ म्हणजे मोडक्या छत्र्यांच्या काड्या. गल्लीतल्या कोणाची छत्री वाऱ्यानं उलटली की काका दारात हजर. चाकं म्हणजे शिलाई मशीनची बॉबिनं. डबे बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे. खिडक्यांचे पडदे काकूंच्या माहेरच्या साडीचे. त्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या, आणि वडिलांनी मागावर विणलेल्या त्या लुगड्याला कात्री लावायला काकांना तीन महिने परवानगी मिळाली नव्हती. इंजिनात सेलवर चालणारी छोटी मोटार. एकदा तसली मोटार आणायला मी त्यांच्याबरोबर सीताबर्डीला गेलो. काका प्रत्येक मोटार कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचे आणि परत ठेवायचे. ठेलेवाला कंटाळून म्हणाला, “बाबा, नातू के लिए ही ना? कोणती बी घ्या.” काका म्हणाले, “नातवाले मोबाइल आवडते. हे माह्यासाठी आहे.” आणि पुढची मोटार कानाला लावली.

गल्लीत लोक हसत. म्हातारपणी पोरखेळ सुचला म्हणत. काकांच्या कानावर ते येई. ते म्हणायचे, “खेळात हारजीत असते. ड्यूटीत पगार असते. याच्यात दोन्ही नाही. म्हणून तं जमून राहिलं.” पण नियम मात्र ड्यूटीचे. फाटक लावल्याशिवाय गाडी सुटायची नाही आणि लावलेलं फाटक कोणी ओलांडायचं नाही. दिवाळीत जावई आले होते, त्यांना गरम तर्रीपोह्यांची बशी हातात घेऊन दारात उभं राहावं लागलं, कारण त्याच वेळी इंजिन मधेच बंद पडलं होतं. सेल बदलेपर्यंत पोहे थंड झाले. मुलगी चिडली. काका शांतपणे म्हणाले, “ट्रकवाले थांबत होते माह्या फाटकावर. जावईबापू काय ट्रकपेक्षा मोठे आहे का?”

नोंदीची एक वही होती. रोज एक ओळ. बहुतेक ओळी ‘७.१५. वेळेवर’ अशा. मधूनच ‘७.२१. उशीर. कारण : पाल आडवी’ किंवा ‘७.३०. उशीर. कारण : पार्सलवाली बाई झोपून होती’. मी एकदा म्हटलं, कोण तपासतं काका ही वही, सगळीकडे वेळेवर लिहून टाका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “जे झालं ते लिवाचं. जे व्हाले पायजे होतं ते नाही. अन् आजची गाडी चुकली तं चुकली. उद्या दोन सोडल्या तरी त्या उद्याच्याच असते.”

माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेण्याचं काम पाहतो. त्या काळात बायको भंडाऱ्याला माहेरी गेली होती आणि परत येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं. काकांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून म्हणाले, “सुधाकर, सकाळी खाली येत जा गा. गाडीले एखादा पॅसेंजर लागते.” मी जाऊ लागलो. चहा प्यायचा, गाडी बघायची आणि वाडीची वाट धरायची. तीन वर्षं माझा दिवस असा सुरू झाला. त्या दिवसांत मी मोडून पडलो नाही, याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

पावसाळ्यात काकांना छातीत दुखलं. दवाखान्यात ठेवावं लागलं. चंद्रपूरहून आलेली मुलगी त्यांच्यापाशी राहिली. काकूंकडे दिवसरात्र शेजारच्या ताई बघणार, फक्त सकाळी त्यांची पोरं शाळेत जाईपर्यंत मी खाली थांबायचं, असं ठरलं. ऑटोत बसताना काकांनी माझा हात धरला. “गाडी तुह्याकडे देल्ली. एक बी दिवस बंद नाही राहाली पायजे. तिले खाटेवर पडल्या पडल्या तेवढंच येणारं-जाणारं आहे.” मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

पहिल्या दिवशी वाडीला दोन ट्रक पहाटेच येऊन उभे होते, फोनवर फोन येत होते. मी गोळी हातात घेऊन थेट आत गेलो. काकूंचा हात फळीकडे गेला होता आणि वॅगन शोधत होता. मी तो हात धरून त्यात गोळी ठेवली.

“गाडी नाही आली का आज?”

“उशीर झाला काकू. उद्या नक्की.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

साडेसातला, मी जिन्यात असताना, काकांचा फोन आला. “गेली का?”

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण छातीला नळ्या लावलेल्या माणसाला कशाला त्रास, असा सोयीचा विचार मी केला आणि म्हणालो, “गेली, काका.”

“फाटक?”

“लावलं होतं.”

“मंग उघडलं का?”

“उघडलं.”

एका गाडीची तीन खोटी उत्तरं झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला घाई नव्हती. गाडी सोडता आली असती. पण सोडली असती तर काकू म्हणाल्या असत्या, आली बाई एकदाची, आणि आधीचे दोन दिवस माझ्यासमोर उभे राहिले असते. शिवाय पंचेचाळिशीच्या माणसानं उकिडवं बसून तोंडानं शिटी मारायची, याची मला आतून लाज वाटत होती, हेही आज कबूल करतो. काका घरात होते तोवर ती लाज त्यांनी अंगावर घेतली होती. चौथ्या दिवसापासून काकूंनी विचारणं सोडलं. हात मात्र रोज आधी फळीकडेच जायचा. नवव्या दिवशी काकांनी फोनवर विचारलं, “वळणावर अटकते का गा?” मी म्हणालो, “थोडी अटकते, पण जाते.”

दहाव्या दिवशी ते घरी आले. वाळले होते. चहासुद्धा न घेता ते फळीपाशी बसले आणि एक बोट रुळावरून दूरवर फिरवलं. बोट पाहिलं. तांबूस झालं होतं. रोज चाक फिरणाऱ्या रुळाचा माथा चमकतो. उभ्या गाडीच्या रुळावर पावसाळ्यात दोन दिवसांत जंग चढतो. ज्या माणसानं उभं आयुष्य रुळाच्या कडेनं पळत काढलं, त्याला हे कळणारच, हे मी कसं विसरलो, मला माहीत नाही. ते बोट त्यांनी लुंगीला पुसलं. “औंदा पानी लय आहे,” म्हणाले. “जंग लवकर चढते.” मग घासलेटचं फडकं मागितलं, त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्याकडे दिला. “तू तिकडून पूस. मी इकडून येतो.” आम्ही दोघांनी दोन टोकांकडून रूळ घासत आणले. दारातल्या फळीवर आमचे हात एकमेकांपाशी आले. जंगाचं खापर पावसावर फुटलं होतं, आणि मी समजलो, त्यांना कळलं नाही. सुटलो, असंसुद्धा वाटलं मला.

त्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी गाडी सोडली, वहीत ‘वेळेवर’ लिहिलं, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

चौदाव्या दिवशी काकू म्हणाल्या, “सुधाकर, उद्यापासून गाडी सोडशीन का रे? अन् वही बी लिवत जा.” मी वही घेऊन बसलो. कसं लिहितात ते पाहावं म्हणून मागची पानं चाळली, आणि पावसाळ्यातले ते नऊ दिवस समोर आले. मला वाटलं होतं, माझ्या शब्दावर त्यांनी तिथे ‘वेळेवर’ लिहिलं असेल. नऊ ओळी होत्या, एका शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या. प्रत्येक ओळ सारखीच : ‘गाडी धावली नाही. कारण : फाटकवाला रजेवर.’

जे झालं ते त्यांनी लिहिलं होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

मी त्या नऊ ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. काकूंनी विचारलं, “काहून रे, काय पाहून राहिला?” मी पावसाळ्यातल्या पानावरची ती ओळ वाचून दाखवली. त्या जराशा हसल्या. “दवाखान्यातून आल्या आल्या मले पुसलं त्यायनं, गाडी येत होती का म्हणून. मी म्हटलं, येत होती, रोज. तुह्यावर चिडतीन, वाटलं.” मग म्हणाल्या, “विश्वास बसला नाही वाटते बुढ्याचा.”

आता दीड वर्ष होत आलं. बायको परत आली आहे. सकाळी सातला मी खाली जातो. उकिडवा बसतो, दारातली फळी पाडतो, तोंडानं शिटी देतो. काकू वॅगनमधली गोळी उचलतात आणि मी मारलेल्या शिटीला नावं ठेवतात. मी फळी उचलून अडकवतो आणि वहीत झालं तेच लिहितो.

गाडी मी तेव्हा सोडली नाही, हे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण रोज साडेसातला, त्यांच्या माघारी जिन्यात उभा राहून, मी काकांना फोनवर काय सांगत होतो, ते त्यांना माहीत नाही. काकांची माफी मागायची राहून गेली. आता ती काकूंपाशीच मागता येईल. त्या खाली खाटेवर आहेत, मी रोज त्यांच्यासमोर बसतो, आणि ती मी अजून मागितलेली नाही.