डावीकडं कानडी, उजवीकडं अण्णा

पहिल्यांदा सांगूनच टाकतो, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. फाईल मिळाली. तीन ठिकाणी ठेवलीय, आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, मोबाईलवर पाठवलीय, आणि आता मला झोप लागायलीय. पण ते तीन दिवस काय गेलेत ते माझं मलाच ठाऊक.

अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीजवळच्या गावात मराठी शाळेत मास्तर होते, आता रिटायर झालेत. मी पाचवीत असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. तेव्हापासून ते नुसतं फुसफुसत बोलतात. लांबनं बोलवायचं असलं की चुटकी वाजवतात. आम्हाला सवय झालीय, त्यात आता काय वाटत न्हाय. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हवती. मला त्यांचा आवाज आठवतच न्हाय. काय बोलायचे ते आठवतंय, कशावरनं ओरडायचे ते तर लई आठवतंय, पण आवाज म्हटलं की तिथं काहीच न्हाय. त्या वेळी घरात बटणाचा फोन होता. लग्नाच्या कॅसेटी हायत, पण त्यात सगळीकडं वरनं सनई घातलीय.

आणि परवा आईनं शाळेच्या जुन्या कागदांची पेटी उपसली, तर तळाला एक डिस्क निघाली. वर नाव न्हाय, गाव न्हाय, पेनानं एक माशी काढलेली. आई म्हणाली, लई वर्षांमागं खानापूरला मधमाश्या पाळायचं शिबिर झालतं. शिकवणारे सर कानडी बोलायचे आणि बसलेल्यातली निम्मी माणसं मराठी. मग निपाणीतल्या एका फोटोवाल्यानं त्याची डिस्क केली, आणि मराठीतनं सगळं सांगायला अण्णांना बोलवलं. चाळीस मिनिटं अण्णा बोलल्यात. शिबिरातल्या सगळ्यांना एकेक डिस्क वाटलेली.

चाळीस मिनिटं. मी ती डिस्क हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

आता आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला पायजे. बेळगावात एका ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढून टाकलते, त्यातला एक मी आणला. टीव्हीला जोडला, पाच स्पीकर लावले, टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घातलं, डिस्क लावायचा ड्राइव्हबी बसवला. आई त्याला 'तुझी टाकी' म्हणते. गावातली पोरं मॅच बघायला येतात. म्हणजे मला वाटलं, ह्यात काय अवघड हाय? डिस्क घालायची, बटण दाबायचं, झालं.

पहिल्यांदा ती टाकी म्हणाली, डिस्क रिकामी हाय. मग म्हणाली, फाईल ओळखू येत न्हाय. मी दुसरा प्लेअर घातला, तिसरा घातला, तिसऱ्यानं चित्र दाखवलं. चित्र म्हणजे काय, एवढंसं, धुरकट, एक लाकडी पेटी आणि तिच्याभोवती माश्या. आणि आवाज सुरू झाला तर नुसता गोंधळ. दोन माणसं एकदमच बोलायलीत, एकावर एक, कुणाचंच काय कळंना. एसटी स्टँडवर दोन माईक एकदम सुरू झाल्यासारखं.

आई दारात उभी होती. म्हणाली, "ते बग, हायत की त्यात."

मी कान लावला. दोघांतले अण्णा कुठले, मला कळलं न्हाय. तिला लगेच कळलं आणि मला न्हाय, ते मला लई लागलं. म्हटलं, डिस्क खराब झालीय, दुरुस्त करतो.

मग सुरू झालं. डिस्कवरची फाईल सरळ कॉपी करायला गेलो तर निम्म्यात एरर. ड्राइव्ह असा घरघर करायचा की मला आमच्या गिरणीची आठवण यायची. डिस्क उजेडाला धरली तर वरचा चकचकीत थर एका कडेला उडालेला, पलीकडची खिडकी दिसत होती. म्हणजे ही किती वेळा चालंल ते सांगता येत न्हाय. कॉपी होत न्हाय, पण प्लेअर अडखळत का असंना पुढं जातोय. मग म्हटलं, प्लेअरमधनं चालू करायची आणि चालू असतानाच रेकॉर्ड करायची.

पहिलं रेकॉर्डिंग केलं, चाळीस मिनिटं हात जोडून बसलो. ऐकलं तर आवाजच न्हाय. सॉफ्टवेअरनं टीव्हीचा आवाज घ्यायचा सोडून न जोडलेल्या माईकचा घेतलता. दुसऱ्यांदा माईक बंद केला, आवाज आला, पण तोच दोघांचा काला. आणि ह्या वेळी बाराव्या मिनिटाला चित्र गोठलं, कालच्याला तिथं गोठलं न्हवतं. डिस्क माझ्या डोळ्यांदेखत मरायलीती.

मी कायकाय केलं न्हाय म्हणून विचारा. गोंधळ काढायचं सॉफ्टवेअर घातलं, त्यानं दोघांनाबी बादलीत तोंड घालून बोलायला लावलं. आवाज वेगळे करतो म्हणणारी एक वेबसाईट सापडली, तिनं माश्यांची गुणगुण तेवढी झकास वेगळी काढून दिली. इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर विचारलं, तर एकानं सांगितलं ड्राइव्ह बदल, दुसऱ्यानं सांगितलं विंडोज परत घाल, तिसऱ्यानं नुसता हात जोडलेला फोटो पाठवला. मी विंडोज परत घालायच्या तयारीलाबी लागलतो.

अण्णा एकदा आत आले. टीव्हीवर ती पेटी बघितली, माझं तोंड बघितलं, जवळ येऊन फुसफुसले, "सोड रं. माश्यांचं काय ऐकायचं त्यात?" आणि बाहेर गेले. ते माश्यांचं बोलत न्हवते, ते मलाबी कळलं. मी की-बोर्ड आपटायचा तेवढा राहिलतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्या मागं बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बराच वेळ बघत होती. मग सहज म्हणाली, "ते बटण न्हाय व्हय ह्याला?"

मी म्हटलं, "कसलं बटण?"

"तू बारका असताना आमच्या जुन्या प्लेअरच्या रिमोटवर हुतं की. एकदा दाबलं की कानडी, परत दाबलं की मराठी. चिकोडीला माझ्या आक्काकडं कानडीतनं लावायचे, आपल्यात मराठीतनं. डिस्क तीच."

मी खुर्चीतनं तिच्याकडं वळलो. म्हटलं, "आई, हे तू तीन दिवस का सांगितलं न्हाईस?"

"तू विचारलास कुठं? तू इंजिनेर."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डिस्क बिघडलेली न्हवतीच. आवाजबी बिघडलेला न्हवता. त्या फोटोवाल्यानं डाव्या स्पीकरला कानडी घातलीती आणि उजव्या स्पीकरला मराठी. जुन्या प्लेअरचं बटण दाबलं की एक बाजू बंद व्हायची, एवढंच. आपल्याकडच्या घरात कोण कानडी, कोण मराठी, एकाच सोफ्यावर दोन्ही असतात. डिस्क करणाऱ्यानं बरोबर ओळखलतं. मी तेवढा दोघांनाबी एकाच तोंडानं बोलायला लावून बसलतो.

पण मग एक बाजू डावीकडनं आणि एक उजवीकडनं तरी ऐकू यायला पायजे होती. ती का येईना? सेटिंग उघडत उघडत गेलो आणि सापडलं. मोनो. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून सगळ्या स्पीकरला सारखाच द्यायचा, असं एक सेटिंग असतंय, ते चालू होतं. चालू कुणी केलं? मीच. मागच्या वर्षी इअरफोनची एक बाजू गेलती, तेव्हा नवीन घ्यायचा आळस म्हणून ते लावलं आणि विसरलो. ग्रुपवर कुणालाच हे सुचलं न्हवतं आणि मी आता तिथं कधी सांगणारबी न्हाय.

मोनो बंद केलं. मधला आणि मागचे स्पीकर काढले. डाव्या स्पीकरची वायर उपटली. डिस्क घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. मी रेकॉर्डिंग दोनदा बघून चालू केलं, आवाजाची रेघ हलतीय का ते तिसऱ्यांदा बघितलं.

आणि उजव्या स्पीकरमधनं एक माणूस बोलायला लागला. जाड न्हाय, भरदार बी न्हाय. मी मनात काहीतरी मोठा, वर्गात घुमणारा आवाज धरलता. हा जरा बारीक होता, नाकातनं येणारा, प्रत्येक वाक्य संपताना थोडा वर जाणारा, पोरांना 'कळलं का?' विचारल्यासारखा. आणि तो वर गेला की लगेच मला माझी पाटी, माझा बाक, पुढं येणारा त्यांचा हात, सगळं एकदम आठवलं. हेच. हेच होतं ते. आई घडी घातलेला टॉवेल मांडीवर धरून बसलीती.

चार ठिकाणी गोठलं. प्रत्येक वेळी ते पुढं गेलं. शेवटच्या पाच मिनिटांत ड्राइव्ह असा ओरडला की आईनं टीव्हीला हात जोडले. मग अण्णा म्हणाले, "नमस्कार, मंडळी," आणि चित्र काळं झालं. मी सेव्ह केलं. उघडून बघितलं. आवाज होता. पेन ड्राइव्हवर घातलं, उघडून बघितलं. मोबाईलवर घातलं, उघडून बघितलं. मग फरशीवर आडवा झालो.

आईनं अण्णांना आत बोलवलं. ते बसले. मी लावलं. मला वाटलतं ते रडतील, किंवा उठून जातील, आणि मी त्यांच्याकडं बघायचं न्हाय असं ठरवलतं. तरी बघितलं. पहिली दोन मिनिटं ते हलले न्हाईत. नुसते ओठ हलत होते, पुढचं वाक्य आधीच आठवत असल्यासारखे. मग टीव्हीतले अण्णा म्हणाले, "पेटी उघडताना अवसर करू नका," आणि सोफ्यावरच्या अण्णांनी चुटकी वाजवली.

मी थांबवलं.

"घाई," ते फुसफुसले. "घाई करू नका, म्हणायला पायजे होतं."

कानडी सर म्हणाले असणार 'अवसर माडबेड्री', कानडीत अवसर म्हणजे घाई, आणि अण्णांनी तो शब्द तसाच मराठीत उचलून टाकलता. मराठीत अवसर म्हणजे संधी. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. आई हसायला लागली ती थांबंनाच. म्हणाली, म्हणून खानापूरवाल्यांच्या माश्या पळून गेल्या की काय.

"तेवढं काढून टाकता येतंय का?" अण्णांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "न्हाय येत." येतंय. दोन मिनिटांचं काम हाय.

मग त्यांनी कागद आणि लाल पेन मागितला आणि परत पहिल्यापासनं लावायला सांगितलं. सगळी चाळीस मिनिटं स्वतःलाच तपासत बसले. सात चुका निघाल्या. एका चुकीवर आईनं वाद घातला, तर अण्णांनी टीव्हीकडं बोट करून मला ते वाक्य परत ऐकवायला लावलं, दोनदा. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी अण्णांना त्यांच्याच आवाजानं वाद जिंकताना बघितलं.

संध्याकाळी मी आक्काला पाठवायला म्हणून फाईलला नाव घालायलतो. गडबडीत 'मधमाशि' टाईप केलं. मागनं चुटकी वाजली.

"शी दीर्घ," अण्णा फुसफुसले. पण मला ते त्या बारीक, नाकातल्या आवाजात ऐकू आलं, शेवटाला थोडं वर जाणारं. मी बॅकस्पेस दाबला.