चपलांच्या रॅकवर राहिलेला लोखंडी तळवा

शर्यतीच्या दिवशी मी रेसरचा लोखंडी तळवा घरी विसरलो.

न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटच्या घरात तेव्हा एक जर्मन स्पीडवे रेसर, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवर मोटरसायकल पळवणारा, भाड्याने राहत होता. त्या मोटरसायकलींना ब्रेक नसतात. वळणावर डावा पाय मातीवर घासत गाडी आडवी सरकवायची, म्हणून डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधतात. पुण्याहून आलेल्या आईने तो दारातच काढायला लावला होता. सामान भरायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आणि माझ्या जँडल्स म्हणजे रबरी चपलांसकट सगळं भरलं. तळवा तेवढा रॅकवर राहिला.

त्याची चाळिशी उलटलेली, खांदा दोनदा मोडलेला. ही शर्यत चांगली गेली तरच जर्मनीतला क्लब त्याला पुढच्या मोसमात ठेवणार होता. घर दोन तास मागे, आणि दुसऱ्या कुणाचा तळवा त्याच्या बुटाला बसेना. शर्यत त्याच्याविनाच सुटली. तो कुंपणाला टेकून शेवटपर्यंत बघत राहिला.

परतताना मी चौथ्यांदा सॉरी म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वीस वर्षं बिनब्रेकच्या गाडीवर काढली. मला थांबवायला तू लागलास."