मागं रस्ता मोकळा होता

खरं सांगा, तुम्ही कधी कुणाच्या पाठीला चिकटून सायकल चालवलीय का? त्याचं मागचं चाक अन् तुमचं पुढचं चाक यांत वीतभर फट ठेवून, समोरचा सगळा वारा त्याच्या छातीवर टाकून? चालवली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, पुढच्याचा जीव जातो अन् मागचा गाणं म्हणत येतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं सगळं राजकारण त्या वीतभर फटीत असतं. चालवली नसेल, तर परतूरच्या साक्षी खरातचं ऐका.

साक्षीचा बाप राजानंद शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो, आई मालनबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरगी बारावीला असताना जिल्ह्याच्या शर्यतीत साध्या कॅरिअरवाल्या सायकलवर उतरली अन् गिअरवाल्यांना धूळ चारून आली. तिथंच तिला गोरक्षनाथ सरांनी हेरलं. सर एकेकाळचे शर्यतवाले, आता नवीन जालन्यात क्लब चालवायचे. त्यांनी तिला क्लबची सायकल दिली, बूट दिले, अन् एक दिवस भीमनगरातल्या तिच्या घरी मांडी घालून जेवले. भाकरीवर ठेचा घेत म्हणाले, "ताई, असा ठेचा आमच्या घरी जमत न्हाई."

तुम्ही म्हणाल, जेवले तर काय झालं? भीमनगरात ही गोष्ट लहान नसते. किती गोडबोले दारात येतात, समतेवर भाषण देतात अन् पाण्याचा तांब्या पुढं केला की "आत्ताच पिऊन आलो" म्हणतात! सरांनी तांब्या मागून घेतला होता. त्या दिवसापासून सरांचा शब्द म्हणजे घरात दगडावरची रेघ.

क्लबात दुसरी तयारीची पोरगी प्रांजली. तिच्या वडिलांचा नवीन जालन्यात बियाण्यांचा ठोक धंदा, क्लबच्या निम्म्या सायकली त्यांनीच घेऊन दिलेल्या. तरी दोघींचं मेतकूट जमलं. साक्षी पहाटेच्या रेल्वेनं जालन्याला यायची. सकाळी मंठा रोडला एकीनं वारा खायचा, दुसरीनं तिचं चाक धरायचं, मग पाळी बदलायची. त्यांचा एक पक्का नेम होता. पुढचीनं मागं वळून बघायचं न्हाई. मान वळली की सायकल डगमगते, लय तुटते. मागचं बघायचं काम मागचीचं. "ट्रक आला गं!" "मोकळं हाय, हाण!" प्रांजली ओरडायची अन् साक्षी बिनघोर मानायची.

"तुझ्यामागं म्हंजे भिंतीआड बसल्यावानी हाय," प्रांजली म्हणायची. "वारा लागंना. झोप येऊन राह्यली."

"झोप ना. नाल्यात पडली की उठवते."

मागच्या साली राष्ट्रीय रोड शर्यतीला दोघी राज्याच्या संघात निवडल्या गेल्या अन् प्रशिक्षक म्हणून सरच संघाबरोबर गेले. साक्षीनं ओढायचं अन् प्रांजलीनं जिंकायचं, असं ठरलं. साक्षीनं ओढलं. शेवटाला दम संपल्यावर बाजूला झाली अन् प्रांजली देशाची विजेती झाली. या खेळाची रीतच तशी. देशोदेशी अशा शर्यती होतात. जिंकणारी वर्षभर झेंड्याच्या रंगाची जर्सी घालून मिरवते, अन् तिला ओढणारीचं नाव तिच्या गल्लीतही कुणी विचारत न्हाई. साक्षीला ते मंजूर होतं, कारण घरी येऊन सरांनी मालनबाईला शब्द दिला होता, "ताई, पुढच्या साली साक्षी. प्रांजली तिला ओढंल." प्रांजली शेजारीच बसली होती. साक्षीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "बिलकुल. औंदा माझं, पुढच्या टायमाला हिचं."

ते पुढचं साल उजाडलं. परराज्यातला लांब, सरळ हायवे, दोन्ही बाजूला माळ, अन् वारा थेट तोंडावर. अर्ध्या वाटेवर दोघी घोळका फोडून पुढं निघाल्या. आता ठरल्याप्रमाणं प्रांजलीनं पुढं यायला पाहिजे होतं. साक्षीनं कोपर हलवून पुढं यायची खूण केली, पण ती मागंच राहिली.

"पोटात कळ आलीय गं. थोडा वेळ तूच ओढ."

"मंग हळू घेऊ. तुला बरं वाटू दे." साक्षीचं बरोबर होतं. घोळका लांब असला तर हळू जायला काय हरकत? पायात ताकद राहिली असती, शेवटची धाव मारता आली असती.

पण मागं घोळका किती लांब आहे, हे कळणार कसं? फळ्यावर अंतर लिहून दाखवणारी मोटरसायकल मागच्यांकडं गेली होती. तेवढ्यात सरांची गाडी शेजारी आली. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सर ओरडले, "साक्षी, आले! जवळ आले! थांबू नको, ओढ!"

साक्षीनं नेमाप्रमाणं मागं पाहिलं न्हाई. तिनं विचारलं, "प्रांजली, दिसून राह्यले का?"

"दिसले गं! जल्दी!"

मग काय. पोरीनं मान खाली घातली अन् वाऱ्यात डोकं घातलं. मांड्या पेटल्या, तोंडाला फेस आला, डोळ्यांपुढं रस्त्याची पांढरी पट्टी तेवढी उरली. सर पुन्हा पुन्हा येऊन "आले, आले" करत होते. शेवटच्या वळणावर फिनिशची कमान दिसली. साक्षीला वाटलं, आता प्रांजली मागंच राहील, आपल्याला पुढं जाऊ देईल. अन् उजव्या हाताला सुर्रकन आवाज झाला. प्रांजली बाजूनं निघाली. कळबिळ काही नव्हती. तिनं दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली.

साक्षी दुसरी आली. रस्त्याकडेला आडवी पडली. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. पाणी पीत पीत ती रस्त्याकडं बघत बसली, आता घोळका येईल म्हणून. बाटली संपली. श्वास जाग्यावर आला. बूट काढले, पाय चोळले. रस्ता रिकामाच. नुसतं ऊन अन् एक शेळ्यांचा कळप आरामात पलीकडं चाललेला. घोळका आला तेव्हा प्रांजलीच्या गळ्यात हार पडून गेले होते.

साक्षी उठून सरांपुढं उभी राहिली. "सर, जवळ आल्ते म्हणता. कुठं होते?"

"अगं, सोनं अन् चांदी दोन्ही आपलंच. आता हे उकरू नको."

नवीन जालन्यात सत्कार झाला. फ्लेक्सवर प्रांजली छातीएवढी, साक्षी पासपोर्टएवढी. सूत्रसंचालकानं माइक साक्षीच्या हातात दिला, "ताई, सरांबद्दल दोन शब्द." तिनं दोन शब्द न्हाई, एक सवाल केला.

"सर, सगळ्यांसमोर सांगा. मागं रस्ता मोकळा होता का न्हाई?"

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. प्रांजली मांडीवरच्या हारातली फुलं तोडत बसली. तिचे वडील घड्याळ बघायला लागले. सूत्रसंचालकानं माइक काढून घेतला अन् बँडला खूण केली.

हॉलच्या दाराशी मालनबाईनं सरांना अडवलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, क्लब प्रांजलीच्या वडलांच्या जिवावर चालतो. अन् मीबी जिंदगीभर दुसऱ्याला ओढलं. कुणाला तरी ओढावंच लागतं."

मालनबाई म्हणाली, "मंग सर, तुमाला तं ठाऊक होतं किती दुखतंय. तरी माझीच पोर धरली?"

इथं काही शहाणे म्हणतात, यात जात आणू नका. न्हाई आणत. फक्त एवढंच सांगा, दोन वर्षं वारा कुणाच्या छातीवर पडला अन् हार कुणाच्या गळ्यात? अन् "चांदी काय कमी हाय का" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती हरली असती तर रडून मोकळी झाली असती. तिला हरवलं न्हाई, फसवलं. तेही तिच्या घरी जेवलेल्या माणसानं अन् जिच्या डोळ्यांवर ती विसंबली त्या पोरीनं. "सरांनी सांगितलं म्हणून" असा प्रांजलीचा मेसेज आला.

साक्षीनं क्लबची सायकल परत केली. राजानंदनं कुठूनशी जुनी गिअरवाली आणून दिली. राज्याच्या निवड चाचणीला ती आता स्वतःच्या नावानं उतरणार आहे. पण ही शर्यत एकटीनं सराव करून जिंकता येत न्हाई. चाक धरायला अन् पाळीनं वारा खायला कुणीतरी लागतं, अन् क्लबच्या पोरींना तिच्यासोबत यायची बंदी आहे.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर सायकल हाणणारी पोरगी असेल, तर रोज उजाडताना तिला परतूरच्या रेल्वे स्टेशनपुढं पाठवा. सायकल कसलीही चालेल. साक्षी तिथं उभी असते. पाठवा.