दुसरीचं काळीज

नगरच्या आमच्या दवाखान्यात तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होत नव्हतं. ते मुंबईला व्हायचं. पण मुंबईहून तारखेचं पत्र आलं की पेशंटला टेबलावर घेण्याजोगं करून पाठवायचं काम आमच्याकडे असे, आणि एकाहत्तर साली ते माझ्याकडे आलं. मी तेवीस वर्षांची होते. नर्सिंगचं शिक्षण संपून दोन वर्षं झाली होती, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती.

ती आली दिवाळीनंतर. कोपरगावच्या पलीकडच्या, गोदावरीकाठच्या एका गावची, बावीस वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्या तापानं हृदयातली एक झडप आखडून गेली होती. लग्न झालं, मूल झालं, आणि त्यानंतर ती पार खंगली. विहिरीपासून घरापर्यंत येताना तीनदा टेकावं लागे. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. सोबत नवरा होता आणि थोरली जाऊ. जावेच्या कडेवर हिची दोन वर्षांची मुलगी. जावेला स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन चार वाक्यांत सांगितलं. त्यातली दोन इंग्रजीत होती. नवऱ्यानं मान हलवली, कागदावर सही केली. तिनं अंगठा दिला. तिला वेगळं असं कुणी काही सांगितलं नाही. मला ते तेव्हा खटकलंही नाही.

तीन आठवडे हातात होते. पायावरची सूज उतरवायची, अंगात रक्त वाढवायचं, छाती मोकळी ठेवायची, ताप येऊ द्यायचा नाही. मी तक्ता आखला. रोज सकाळी उठल्याबरोबर वजन. अळणी भाकरी, अळणी वरण. गोळी द्यायच्या आधी मिनिटभर नाडी मोजायची. श्वासासाठी दोन बाटल्या रबरी नळीनं जोडल्या होत्या. फुंकर मारून एकीतलं पाणी दुसरीत ढकलायचं, मग दुसरीतलं पहिलीत. ऑपरेशननंतर खोकताना टाके ताणले जाऊ नयेत म्हणून डाव्या कुशीवर उशी दाबून खोकायची सवय करायची.

आणि दात. तिचे चार दात किडलेले होते, आणि मिश्री लावून हिरड्या काळ्या पडलेल्या. दातातला पू रक्तातून झडपेवर जाऊन बसला तर सगळंच मुसळ केरात. दातांच्या डॉक्टरांनी दोन खेपांत चारही काढले. पहिल्या खेपेला जाऊ अजून गावी परतली नव्हती, ती दाराशी उभी होती.

"काळजाचं दुखनं आन् दात कशापायी उपटत्यात?" तिनं मला विचारलं.

मी ऐटीत समजावून सांगितलं. सांगायला मला आवडायचं. पण ज्या बाईच्या तोंडातून दात निघाले होते ती कापूस चावून गप्प बसली होती, आणि तिनं काहीच विचारलं नव्हतं.

खरं तर ती काहीच विचारायची नाही. आली त्याच दिवशी तिनं मिश्रीची डबी नवऱ्याच्या हाती दिली. अळणी जेवण बघून इतर बाया नाक मुरडायच्या. ही ताट पुसून खायची. दहा वेळा फुंक म्हटलं तर पंधरा वेळा फुंकायची. सूज उतरली, ओठांचा निळसरपणा कमी झाला. डॉक्टर राऊंडला म्हणाले, "असा पेशंट मी पाहिला नाही." ते कौतुक मी माझंच समजले.

एकच गोष्ट मला टोचायची. दर रविवारी जाऊ एस्टीनं मुलीला घेऊन यायची. पहिल्या रविवारी हिनं मुलीला मांडीवर घेतलं, पण लगेच खाली ठेवलं. दुसऱ्या रविवारी तर घेतलंच नाही. पोर 'आई, आई' करत खाटेची कड धरून उभी, आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. मुलगी जास्तच रडायला लागली तेव्हा ही तिच्याकडे न बघता जावेकडे बोट दाखवून म्हणाली, "ती बघ आई. तिच्याकडं जा."

जावेनं पोर उचलली, पदरानं तिचं नाक पुसलं आणि तिला घेऊन बाहेर गेली. माझ्यानं राहवलं नाही.

"अगं, दगडाचं काळीज आहे का तुझं?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हाय ते बी ऱ्हानार न्हाई आता."

मला वाटलं, मरणाची भीती बोलतेय. असं बऱ्याच जणी बोलतात. मी वजनाचा आकडा तक्त्यावर लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडून खोकण्याचा सराव करून घेत होते. वॉर्डात ऊन आलं होतं, बाकीच्या बाया पेंगत होत्या. तिनं उशी कुशीवर धरली, दोनदा नीट खोकली, आणि उशी तशीच धरून अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"शिस्टरबाई, एक इचारू?"

"विचार की."

"जिचं काळीज मला बशिवनार हायेत, ती बाई लेकुरवाळी हाय का?"

मला वाक्य ऐकू आलं, पण कळलं नाही. मी म्हटलं, "काय?"

"म्हंजी... हुती का. मेलेल्या मानसाचं असतंय म्हनं. तिला लेकरं असली तर ते काळीज तिच्या लेकरांसाठी तुटंल ना? माझ्या पोरीला ते कसं वळखंल?"

चौदा दिवस ही बाई माझ्या हाताखाली होती. तिच्या नाडीचा प्रत्येक ठोका मी मोजला होता. तिच्या पायांवर बोट दाबून किती खळगा पडतो ते मी रोज लिहून ठेवत होते. आणि इतके दिवस ती हे धरून बसली होती, की छाती फाडून तिचं काळीज काढून टाकणार, कुणा मेलेल्या बाईचं आत घालणार, आणि शुद्धीवर येईल ती बाई तिच्या मुलीची आई नसेल.

"म्हनून तिला आत्तापासून तोडतीय," ती म्हणाली. "मी घरी गेले आन् मला तिची वळखच न्हाई पटली, तर पोर किती रडंल? जाऊबाईला लई माया हाय तिची. सवय झाल्याली बरी."

"आणि तरी तू अंगठा दिलास?"

"मग काय करू? हे काळीज चालत न्हाई. माझी मला वळख न्हाई ऱ्हायली तरी पोरीला आई जित्ती दिसंल. पोरकी तर न्हाई म्हननार कुनी."

मी तिच्या खाटेवर बसले. ड्यूटीवर खाटेवर बसायला आम्हांला मनाई होती. परदेशात मेलेल्या माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवल्याच्या बातम्या तीन-चार वर्षांमागे पेपरात येऊन गेल्या होत्या, रेडिओवरही झाल्या होत्या. मला वाटलं, गावात कुणीतरी ते ऐकून हिच्या डोक्यात भरवलं असणार. मला संतापच आला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

तिनं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच की."

"मी?"

"पयल्या दिशी. तुमी माझा हात धरून म्हनला, घाबरू नको, आता तुला नवं काळीज मिळनार बघ. उड्या मारत शेतात जाशील."

मी म्हटलं होतं. ती सांगत असताना मला माझाच आवाज ऐकू आला. नव्या पेशंटला मी असं काहीबाही बोलून हसवायची. मला ते माझं कसब वाटायचं. एक वाक्य बोलून मी दुसऱ्या कामाला लागले होते, आणि हिनं त्याच्या आधारानं पोटच्या पोरीला तोडायला घेतलं होतं. वर मीच तिला दगडाच्या काळजाची म्हटलं होतं.

मी उठून तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. ती काय समजून बसली आहे ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हे हिला सांगितलं कुणी?"

मी म्हणाले, "गावात ऐकलं असेल कुणाकडून."

डॉक्टर लगेच माझ्याबरोबर वॉर्डात आले. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना कुणा पेशंटसमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, "बाई, गावात असलं काय काय सांगतात तुम्हांला?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या फरशीकडे बघत होते. ती म्हणाली, "व्हय, गावात बोलत्यात मानसं." तिनं मला झाकून घेतलं. ते खोटं मी डॉक्टरांपाशी कधीच दुरुस्त केलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की काळीज तिचंच राहणार आहे. आत एक झडप आहे, ती आखडली आहे, तेवढी मोकळी करायची. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"चारीच्या दारावानी?" तिनं विचारलं. त्यांच्या शेताला कालव्याच्या चारीचं पाणी होतं. "गंजून अर्धंच उघडतंय, मग मागं पानी तुंबतंय, तसं?"

डॉक्टर खूश झाले. "अगदी तसंच. ते तुंबलेलं पाणी तुमच्या फुप्फुसात साचतं, म्हणून दम लागतो."

"आन् दार उघडायचं कशानं?"

"बोटानं. सर्जन आत बोट घालतात आणि झडप मोकळी करतात."

"चालत्या काळजात बोट?"

"चालत्या."

तिचे डोळे मोठे झाले. इतके दिवस दगडासारखी शांत असलेली ती बाई थरथर कापायला लागली. आम्हांला वाटलं होतं, खरं कळल्यावर तिला हायसं वाटेल. झालं उलटंच. जे काळीज काढून टाकायचं म्हणून तिनं मनातून केव्हाच सोडून दिलं होतं, ते तिचंच होतं, आणि त्यात कुणीतरी बोट घालणार होतं. ती हमसून हमसून रडली. संध्याकाळी तिनं ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी नाडी एकशे वीसच्या वर गेली आणि ती म्हणाली, "मला घरी जायाचंय. मला न्हाई करायचं."

माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता. मी दोन दिवस काम संपलं की तिच्याजवळ बसले. आता गोड काही बोलायची मला हिंमतच नव्हती. मुंबईच्या वॉर्डात काम करून आलेल्या आमच्या एका वयस्क सिस्टरना मी नीट विचारून घेतलं आणि ऐकलं तेवढंच तिला सांगितलं. शुद्धीवर येशील तेव्हा कुशीतून एक नळी बाहेर आलेली असेल. खोकताना फार दुखेल. जखम छातीखालून पाठीपर्यंत असेल. जीव वाचेलच असं मी सांगू शकत नाही, पण बऱ्याच जणी वाचतात.

"आन् पोर?" तिनं विचारलं.

"ती ओळखू येईल. शंभर टक्के."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं न सांगता बाटल्या पुढे ओढल्या आणि फुंकायला लागली.

तिसऱ्या रविवारी जाऊ आली तेव्हा हिनं दोन्ही हात पुढे केले. मुलगी आली नाही. जावेच्या मानेत तोंड खुपसून बसली. जाऊ कसनुशी होऊन म्हणाली, "जा की गं, आई हाय." मुलीनं मानेनंच नाही म्हटलं. ही हात परत मांडीवर घेऊन बसली, आणि बुधवारी मुंबईला गेली.

ऑपरेशन नीट झालं. दीड-पावणेदोन महिन्यांनी ती तपासणीला आमच्याकडे आली. दवाखान्याच्या पायऱ्या ती न थांबता चढली, तेव्हा मला रडू आवरेना. ती हसली, पदर सावरून पाठीकडून वळून आलेला जखमेचा वण मला दाखवला. मुलगी जावेच्या कडेवर होती. मी तिला विचारलं, "आई कुठंय तुझी?" तिनं जावेच्या गालाला हात लावला. मग या बाईकडे बोट केलं आणि म्हणाली, "ती दवाखान्यातली."

जावेचे डोळे भरून आले. "मी शिकवत न्हाई हो तिला," ती मला परत परत सांगत होती. "मी रोज सांगती, ती आई हाय म्हनून."

"तुमी कशाला शिकवाल, जाऊबाई? मीच शिकीवलं," ही म्हणाली. मग मला म्हणाली, "माझी वळख ऱ्हायली, शिस्टरबाई. तिची गेली."

त्यानंतर नव्या पेशंटला मी आधी विचारू लागले, तुला काय करणार आहेत असं वाटतं? उत्तरं ऐकून पुष्कळदा धक्का बसला. एक म्हातारे गृहस्थ समजत होते की ऑपरेशन होईस्तोवर जीव बाटलीत काढून ठेवतात. एकीला वाटत होतं, छाती उघडली की तिच्या मनातलं सगळं डॉक्टरांना दिसेल.

लहानपणचा तो ताप परत उलटू नये म्हणून ती दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनाला यायची. पुढच्या वर्षी पाऊसच झाला नाही. चारी कोरडी पडली, नवरा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला. तरी तिनं एकही खेप चुकवली नाही. दोघी जावा सोबत यायच्या. मुलगी बरेच महिने हिच्यापासून हातभर लांबच बसे. मग केव्हातरी दोघींच्या मधे बसायला लागली, एक हात हिच्या मांडीवर, एक तिच्या. कुणाला काय म्हणून हाक मारते ते मी परत विचारलं नाही.