नकाशावरचे लाल ठिपके

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आम्ही सोलापुराहून महाबळेश्वरला जायचं ठरवलं, तेव्हा तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, यायलाच तयार नव्हत्या.

"तुमी जावा. माझे गुडघे हितंच बरे हायेत," म्हणाल्या.

आयुष्यात त्यांनी खरा डोंगर पाहिला नव्हता, म्हणून मला त्यांना न्यायचंच होतं.

मी पर्यटकांसाठीचा इंग्रजी नकाशा मागवला होता. त्यात सगळे पॉइंट आणि पायवाटा होत्या, पण वाटेत बसायला जागा कुठे आहे ते काही दिलेलं नव्हतं. तिथे जाऊन आलेल्या शेजारणीला विचारून मी प्रत्येक बाकाच्या जागी लाल पेन्सिलीने ठिपका काढला आणि नकाशा सासूबाईंपुढे पसरला. दोन ठिपक्यांमधलं अंतर बोटाने मोजून त्या म्हणाल्या, "एवढं जमंल की."

पहिल्याच बाकावर त्या बसल्या. समोर दरी होती आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "आत्याबाई, पुढच्या ठिपक्याकडे निघायचं का?"

"त्यो तुमी बघा," दरीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "माझं हितलंच अजून बघून झालं न्हाय."

मी नकाशाची घडी घातली आणि त्यांच्या शेजारी बसले.